कोट उसना चालेल, शर्ट आणि बूट आपले हवेत: कोल्हापुरात वकिली इंटर्नशिपसाठी कमी खर्चात कपडे

इंटर्नशिप ठरली की लॉची मुलं पहिली धाव घेतात ती काळ्या कोटाकडे. मीही तेच केलं होतं. शिष्यवृत्तीचे पैसे जमा झाले, त्यातले बहुतेक कोटाला गेले आणि बुटांना काही उरलं नाही. चार आठवडे मी नव्या कोऱ्या कोटाखाली टाच झिजलेले सँडल घालून कोर्टात उभी राहिले. कोणी काही बोललं नाही. पण फाईल पुढे करताना मी पाय मागे ओढून घ्यायचे, आणि युक्तिवाद ऐकायचा सोडून माझं निम्मं लक्ष जमिनीकडे असायचं. शिकायला गेले होते आणि शिकणंच निम्मं झालं.

आता माझ्याकडे दरवर्षी दोन-तीन मुलं येतात. राधानगरी, आजरा, गडहिंग्लजकडची, सकाळच्या एसटीनं येऊन संध्याकाळच्या एसटीनं परत जाणारी. त्यांना मी पहिल्या दिवशी एकच सांगते: खर्चाचा क्रम उलटा करा. आधी शर्ट, मग बूट, मग पँट किंवा सलवार, आणि कोट सगळ्यांत शेवटी, तोही शक्यतो उसना. कोट वरून घालायचा असतो, रोज धुवायचा नसतो, आणि खांद्यात बसला की दुसऱ्याचाही आपलाच दिसतो. शर्ट रोज घामानं भिजतो, गळ्याच्या मापाचा असावा लागतो, आणि दुसऱ्याच्या बुटात दिवसभर उभं राहता येत नाही.

नियम आधी नीट समजून घ्या

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत इंटर्नच्या पोशाखाचा वेगळा नियम आहे, तिसऱ्या अनुसूचीतला २७ वा. पांढरी किंवा काळी पँट, पांढरा शर्ट, काळा टाय, काळा कोट, काळे बूट. मुलींना पर्याय म्हणून काळी प्रिंटेड साडी, पूर्ण बाह्यांचा पांढरा ब्लाउज आणि बंद काळे बूट, किंवा कोट-टायसह वकिली सूट.

वकिलांच्या पोशाखाचा नियम निराळा आहे. गळ्यातले पांढरे बँड आणि गाऊन सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळालेल्यांसाठी. कोर्टाच्या आवारात दुकानात बँड सहज मिळतात, पण इंटर्ननं ते घेऊ नयेत. गावाकडून आलेला पक्षकार गळ्यात बँड बघून तुम्हाला वकील समजतो, हातात कागद देतो आणि सल्ला विचारतो. त्याची फसगत होते आणि तुमचीही पंचाईत. तुमच्या गळ्यात टाय असावा तो यासाठी.

मुलींच्या मनातला नेहमीचा प्रश्न सलवार-कुर्त्याचा. वकिलांच्या नियमात पांढरा किंवा काळा सलवार-कुर्ता बसतो. इंटर्नच्या नियमात त्याचा उल्लेख नाही. प्रत्यक्षात बरेच सिनिअर, म्हणजे ज्यांच्या हाताखाली तुम्ही इंटर्नशिप करता ते वकील, चालवून घेतात. पण चालवून घेतील असं गृहीत धरू नका, एकदा तोंडानं विचारा.

कापड घेण्याआधी एक फोन

सिनिअरना किंवा त्यांच्या कारकुनांना सरळ विचारा: “सर, मी बहुतेक दिवस ऑफिसात असेन की कोर्टात? कोणत्या कोर्टात? कोट रोज लागेल का?” या तीन उत्तरांवर हजार-दीड हजार रुपये वाचू शकतात. कारकूनमामांना तर जरूर विचारा. कुठल्या कोर्ट हॉलमध्ये न्यायाधीश साहेब पोशाखाबाबत कडक आहेत, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

सुट्टीचंही ध्यानात घ्या. मे महिन्यात जिल्हा न्यायालयाला उन्हाळी सुट्टी असते. कॉलेजला सुट्टी म्हणून त्याच वेळी इंटर्नशिप घेतली, तर बहुतेक काम ऑफिसात बसून होतं: जुन्या फाईली लावणं, निकाल शोधणं, मसुदे टाईप करणं. त्यासाठी पांढरा शर्ट आणि काळी पँट पुरते. कोटावर एक रुपयाही घालू नका.

कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात, म्हणजे जिल्हा न्यायालयात जाणार असाल तर वातावरण एक, आणि सीपीआर रुग्णालयासमोर भाऊसिंगजी रोडवर मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचला जाणार असाल तर दुसरं. हे बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना हायकोर्टाची इंटर्नशिप मुंबईत खोली न घेता मिळू लागली, ही लहान गोष्ट नाही. पण तिथे पोशाखात सूट धरू नका. उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती नाही ही वकिलांना मिळणारी सवलतसुद्धा सर्वोच्च आणि उच्च न्यायालयात लागू नसते. सिनिअर एप्रिलच्या उन्हात कोट आणि गाऊन घालून उभे असताना त्यांच्यामागे नुसत्या शर्टावर उभं राहणं बरं दिसत नाही.

मग घरातलं कपाट

बाजाराआधी कपाट. बारावीच्या गणवेशाची काळी पँट, एनसीसीचे काळे बूट, भावाच्या लग्नात घेतलेला काळा पट्टा असं काहीतरी निघतंच. बुटांना नवा तळ लावून, दोन वेळा पॉलिश करून बघा. आठशे रुपये वाचले.

वडिलांचा पांढरा शर्ट बेतून घ्यायचा विचार असेल तर खांदा बघा. कडेची शिवण आत घेणं, बाही कमी करणं सोपं. खांदा उतरत असेल तर सोडून द्या, कारण तो नीट करायला टेलर जवळजवळ सगळा शर्ट उसवतो आणि मजुरी नव्या शिलाईइतकी होते. बिनकॉलरचा नेहरू शर्ट टायखाली चालत नाही.

शर्ट: इथे हात आखडू नका

कमीत कमी दोन, पावसाळ्यात तीन. एकाच शर्टावर चार आठवडे काढायचे तर तो रोज रात्री धुवावा लागतो, आणि कोल्हापूरच्या जुलैत रात्रीत काहीही वाळत नाही. ओलसर शर्ट सकाळी इस्त्रीनं सुकवून घातला की दुपारपर्यंत त्याला कुबट वास येतो. बंद कोटात तो दडत नाही, वाढतो.

आपल्याला कापडाची चिंता नसावी. इचलकरंजी तीसेक किलोमीटरवर, यंत्रमागाचं गाव. आणि शहराला लागून गांधीनगर. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी वसवलेली ही पेठ. परमुलखात आलेल्या माणसांनी शून्यातून उभा केलेला बाजार आहे, तिथे पै-पैचा हिशेब करणाऱ्याला कोणी हसत नाही. केएमटीच्या बसनं किंवा वडापनं (शेअर गाडीनं) जा, एकट्यानं जाऊ नका. तिथली बरीच दुकानं होलसेलची. एक शर्टपीस मागितला तर नाही म्हणतील. तिघी-चौघांनी मिळून ताग्यातून पंधरा मीटर घेतलं की भाव उतरतो. वेळ नसेल तर महाद्वार रोड किंवा लक्ष्मीपुरीत कटपीस बघा. राजारामपुरीतल्या शोरूमची पायरी या कामासाठी चढायची गरज नाही.

कापड निवडताना तीन गोष्टी करा. एक पदर हातावर ठेवून उजेडात धरा. हाताच्या रेषा दिसल्या तर घेऊ नका. मुठीत दहापर्यंत आकडे मोजेपर्यंत चुरगाळा आणि सोडा. सुरकुती तशीच राहिली तर रोज इस्त्रीचा खर्च मागे लागला. आणि नाव विचारा. निव्वळ सुती कापड अंगाला सगळ्यांत चांगलं, पण एसटीत तासभर बसल्यावर ते गोळा होतं. लांबून येणाऱ्यांनी सुताचं प्रमाण जास्त असलेलं टेरीकॉट घ्यावं. निव्वळ पॉलिस्टर स्वस्त मिळतं, पण कोटाखाली त्यात जीव गुदमरतो.

अठ्ठावन्न इंच पन्ह्याचं (रुंदीचं) कापड असेल तर पूर्ण बाहीच्या शर्टाला साधारण दीड ते पावणेदोन मीटर लागतं, छत्तीस इंच पन्ह्याचं असेल तर अडीच. टेलरला दोन गोष्टी बजावून सांगा. वरचं बटण लावल्यावर गळ्यात दोन बोटं जायला हवीत, कारण टाय त्यावर बसतो. आणि शिवणीत माया, म्हणजे जादा कापड, सोडा. पहिल्या वर्षाची मुलं पाचव्या वर्षापर्यंत अंगानं भरतात. माया असली तर तोच शर्ट उसवून मोठा होतो.

पांढऱ्या शर्टाखाली पांढऱ्यापेक्षा अंगाच्या रंगाची बनियन किंवा स्लिप कमी दिसते. मुलींनी हे खास लक्षात ठेवावं.

बूट

काळे, बंद, साधे. टोकदार नकोत, चकाकणारे नकोत. दुपारनंतर घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी चावतो. घालून दुकानातल्या फरशीवर चाला आणि आवाज ऐका. कोर्ट हॉलमध्ये जबानी चालू असताना टकटक वाजणारी टाच सगळ्यांची मान वळवते. नवे बूट आठ-दहा दिवस घरात, अंगणात घालून मऊ करा. पहिल्या दिवशी कोरे बूट घालून गेलात तर दुपारी बोर्ड (त्या दिवशीच्या खटल्यांची यादी) संपायच्या आत टाचेला फोड आलेला असेल.

पापाच्या तिकटीवरून, चप्पल लाईनमधून जाताना मन हटत नाही हे मला माहीत आहे. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा अभिमान आपल्याला आहेच. पण इंटर्नच्या नियमात काळे बंद बूट आहेत, आणि पावसात कातडी चप्पल खराब होते ती वेगळीच. ती सणासुदीला घाला.

पँट, सलवार, साडी

काळी पँट घ्या. नियमात पांढरीही चालते, पण एसटीच्या बाकावर आणि रेकॉर्ड रूमच्या धुळीत ती एक दिवस टिकत नाही. सव्वा मीटर कापड पुरतं. काळा रंग नेहमी दुकानाबाहेर, दिवसाउजेडी बघा. ट्यूबलाईटखाली काळा वाटलेला तुकडा उन्हात निळसर किंवा तपकिरी निघतो आणि कोटाशेजारी विसंगत दिसतो. रुमालाचं ओलं टोक कापडावर घासा. रुमाल काळा झाला तर ते कापड पहिल्या पावसात तुमच्या मोज्यांवर उतरेल.

खालची तुरपाई बुटांवर जेमतेम टेकेल अशी, बूट पायात घालूनच मोजून घ्या. आतल्या बाजूला दोन इंच दुमडून ठेवायला सांगा.

मुलींना सिनिअरनी सलवार-कुर्ता चालेल म्हटलं असेल तर कुर्ता पांढरा, सलवार काळी. संपूर्ण पांढरा पोशाख छान दिसतो, पण पाळीच्या दिवसांत डागाची धास्ती मनात घेऊन पाच-पाच तास बाकावर बसणं त्रासाचं आहे, त्यापेक्षा काळी सलवार बरी. कुर्त्याला खिसा शिवून घ्याच. मोबाईल, पेन, रुमाल, तारखांची चिठ्ठी हे सगळं हातात घेऊन फाईल सांभाळता येत नाही. टेलर “बायकांच्या ड्रेसला खिसा कशाला?” म्हणेल, तरी आग्रह धरा, पाव मीटर कापड आणि थोडी मजुरी, एवढंच. ओढणी असेल तर दोन्ही खांद्यांवर पिन लावा. साडी नेसणार असाल तर ती नेसून दोन जिने चढून बघा, मग ठरवा. घुंगरांचे पैंजण तेवढे घरी ठेवा.

कोट

आता कोट. बार कौन्सिलच्या नियमांनुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात एकूण किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात १२ आठवडे इंटर्नशिप करावी लागते, पण एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. म्हणजे तुमचा कोट वर्षातले अकरा महिने खुंटीला. मग एकाच मापाच्या दोन-तीन मैत्रिणींनी किंवा मित्रांनी आपापले चार आठवडे मागेपुढे ठरवून एकच कोट का वापरू नये? माझ्याकडे आलेल्या दोघींनी असाच एक कोट पुढची तीन वर्षं वापरला.

उसना मागायला लाजू नका. अंतिम वर्षाची मुलं, मूट कोर्ट, म्हणजे सरावाचे खटले, करणारी वरच्या वर्गातली मुलं, नुकतीच सनद मिळून नवा कोट शिवलेले ज्युनिअर वकील, यांच्याकडे जुना कोट असतो. वकिली हा एकाच्या कपाटातून दुसऱ्याच्या अंगावर गेलेल्या कोटांचाच व्यवसाय आहे. माझ्या सिनिअरांनी त्यांचा पहिला कोट मागून घातला होता, त्यांनीच सांगितलं.

बघायचं ते खांद्यात. खांद्याची शिवण तुमच्या खांद्याच्या हाडाशी संपली पाहिजे. पुढे लोंबली तर कोट मोठा, आत राहिली तर हात वर होत नाही. बाही मनगटाशी संपावी, शर्टाचा कफ बोटभर दिसावा. पोटाजवळ सैल असेल तर टेलर शंभर-दोनशे रुपयांत आवळून देतो, पण मालकाला आधी विचारा आणि कापड कापू न देता नुसतं आत घ्यायला सांगा.

विकतच घ्यायचा असेल तर तयार कोट उलटा करून अस्तर बघा. काखेतली शिवण ओढून बघा, ती पहिली उसवते. कॉलर चुरगाळून सोडा. आतलं बुक्रम (कॉलर ताठ ठेवणारं कापड) हलकं असेल तर एका ड्रायक्लीननंतर फोड येतात. मुलींनो, तयार लेडीज कोटाची बाही बरेचदा तोकडी असते आणि खिसे नुसते दाखवायला. मुलांच्या लहान मापातला कोट घालून बघा, खांद्यात बसला तर तोच घ्या. शिवून घ्यायचा तर दिवाळीच्या तोंडावर किंवा लग्नसराईत टेलरकडे जाऊ नका. त्या दिवसांत घाईत शिलाई होते, ट्रायलला वेळ मिळत नाही, आणि ट्रायलशिवाय कोट कधीच घेऊ नये.

पैशांचा मेळ

दुकानागणिक मागेपुढे होईल, पण मी मुलांना हा आराखडा देते: कापड आणि शिलाई धरून दोन शर्ट १,२०० रुपये, पँट ७५०, बूट ८००, पट्टा २००, टाय १५०, दोन मोजे १००, आणि उसना कोट परत करण्याआधीचं ड्रायक्लीन २५०. एकूण ३,४५०. घरात बूट आणि पट्टा निघाला तर अडीच हजारांच्या आत. एवढेही एकदम जमत नसतील तर या महिन्यात कापड, पुढच्या महिन्यात शिलाई, असं करा. इंटर्नशिपच्या दोन महिने आधी सुरुवात केली तर कोणाकडे हात पसरावा लागत नाही.

टायवर जास्त घालू नका. काळा, साधा, रेघा नसलेला. गाठ मारायला घरीच शिका. इलॅस्टिकचा तयार टाय शाळेच्या गणवेशासारखा दिसतो.

रोजची निगा

पांढरा शर्ट घरी आल्या आल्या भिजवा. कॉलरच्या आतल्या काळ्या रेघेवर भांड्याचा साबण आणि खाण्याचा सोडा यांची पेस्ट पंधरा मिनिटं ठेवून जुन्या टूथब्रशनं घासा. नीळ थेंबभर, आणि आधी पाण्यात विरघळवून; थेट कपड्यावर पडली तर डाग जात नाही. काळी पँट उलटी करून धुवा, सावलीत वाळवा.

कोट धुवायचा नसतो. रोज संध्याकाळी ब्रश मारा, उलटा करून वाऱ्यावर टांगा. गळ्याजवळ ओल्या फडक्यानं पुसा. बारीक तारेच्या हँगरवर नको, खांद्याला टेंगळं येतात. जाड हँगर नसेल तर तारेलाच जुना टॉवेल गुंडाळा. चिखल उडाला तर ओला असताना हात लावू नका, वाळू द्या आणि मग झटका.

पावसाळ्यात कोट अंगावर घालून प्रवास करूच नका. मोटारसायकलवर तर नाहीच. एक खांदा उलटा करून दुसऱ्यात घाला, लांबीत दुमडा, आधी सुती पिशवीत आणि मग प्लास्टिकमध्ये ठेवा. कोर्टाच्या आवारात पोचल्यावर घाला. येताना रबरी चप्पल, बूट आणि कोरडे मोजे पिशवीत. बूट भिजलेच तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभरानं बदला. चुलीजवळ ठेवलेलं कातडं तडकतं. आपल्याकडच्या दमट खोल्यांत काळ्या कोटाला बुरशी पटकन धरते, म्हणून श्रावणातलं एखादं ऊन पडलं की तासभर उलटा करून बाहेर काढा. कपाटात कापूर ठेवा. डांबरगोळ्यांचा वास हॉलभर पसरतो.

पिशवीत कायम असू द्या: चार सेफ्टी पिना, सुईदोरा, एक पांढरं आणि एक काळं बटण, दोन रुमाल. साडेदहाला बोर्ड पुकारायला सुरुवात होते आणि नेमकं तेव्हाच बटण तुटतं.

इंटर्नशिप संपली की उसना कोट ड्रायक्लीन करून, सैल झालेली बटणं पक्की करून परत द्या. देताना आतल्या खिशात एक चिठ्ठी ठेवा: खांदा किती इंच, बाही किती, उंची किती. पुढच्या वर्षी तो मागायला येणाऱ्या मुलीला घालून बघण्याआधीच कळेल, आपल्याला होईल की नाही.